एका तारेचे सुतारकाम

हिंगोली जिल्ह्यात तंतुवाद्य म्हटले की सतार किंवा गिटार यांच्या आधी वीणा डोळ्यांसमोर येते. कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते, त्यांना गुरूपदेश करणाऱ्या विसोबा खेचरांची कथा औंढा नागनाथच्या मंदिराशी जोडलेली आहे, आणि आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांच्या परतवारीला, नर्सीत भरणाऱ्या यात्रेत गळ्यात वीणा घातलेले विणेकरी दिसतात. अखंड हरिनाम सप्ताहात पहारे बदलत ही वीणा अहोरात्र उभी राहते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्ये कुठेही खाली टेकवली जात नाही, आणि देताघेताना दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. इतका मान असलेले हे वाद्य पंढरपूर, आळंदी किंवा मिरज येथील दुकानांतून तयार मिळते, त्यामुळे करवत-रंधा हाताळणाऱ्या हौशी माणसालाही ते घरी करून पाहावेसे सहसा वाटत नाही. ते घरी करता येते. मात्र त्याची सुरुवात चार तारांच्या वीणेपासून न करता एकतारीपासून केली पाहिजे, आणि त्यामागे केवळ सोपेपणाचे कारण नाही.

मराठी मुलुखात एकाच तारेवर उभी असलेली वाद्ये कमी नाहीत. गोंधळ्यांचे आणि शाहिरांचे तुणतुणे म्हणजे तळाला कातडे मढवलेले लाकडी नळकांडे, त्याच्या अंगाला ठोकलेली काठी आणि कातड्यातून निघून काठीवरच्या खुंटीला जाणारी तार. यल्लम्माच्या जोगत्यांच्या चौंडक्यात काठीच नसते. तारेचे मोकळे टोक हाताने ओढून किंवा सैल सोडून स्वर वरखाली केला जातो. मातंग समाजाची वंशकथा सांगणाऱ्या डक्कलवारांची किंगरी हे याच मुलखातले, पण रचनेने अधिक गुंतागुंतीचे वाद्य आहे. या सगळ्यांत एकतारी बांधणीच्या दृष्टीने सर्वांत उघड आहे, कारण भोपळा, त्यातून आरपार गेलेली दांडी, भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडाची पातळ तबली, तबलीवरची घोडी, दांडीच्या टोकाची खुंटी आणि एक तार एवढेच तिचे अवयव असतात. सतारीत किंवा वीणेत जे काही असते ते सारे बीजरूपाने यात आलेले आहे आणि त्यातले काहीही दुसऱ्या कशामागे लपलेले नाही.

ताणाचा हिशेब केला तर हा क्रम आणखी पटतो. सहा पोलादी तारांच्या गिटारीवर एकूण ताण साधारण ७० किलो वजनाइतका, म्हणजे एका मोठ्या माणसाला त्या तारांना लोंबकळत ठेवल्याइतका असतो, आणि नवशिक्याची बहुतेक वाद्ये बिघडतात ती या ताणाने मान वाकल्यामुळे किंवा तबली खचल्यामुळे. एकतारीवरचा ताण किती असेल हे आधीच काढता येते. फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांनी १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तारेचे नियम मांडले. तार जितकी लांब तितका स्वर खाली, ताण वाढवावा तसा स्वर वर, पण ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, आणि तार जितकी जड तितका स्वर पुन्हा खाली, असा त्यांचा आशय आहे. आटीपासून, म्हणजे दांडीच्या वरच्या बाजूच्या आडव्या पट्टीपासून, घोडीपर्यंतची वाजती लांबी ७० सेंटिमीटर आणि पोलादी तारेची जाडी ०.३० मिलिमीटर धरली, आणि तार पुरुषांच्या गळ्याला मानवणाऱ्या काळी एकच्या खालच्या षड्जाला, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपनांना लावली, तर लागणारा ताण दोन किलोंहून किंचित अधिक भरतो. तीच तार वरच्या सप्तकातल्या षड्जाला न्यायची तर ताण दुप्पट करून भागत नाही, तो चौपट, म्हणजे साडेआठ किलोंच्या घरात न्यावा लागतो. तार एवढ्यानेही तुटत नाही, पण नवशिक्याने जोडलेली तबली तो सोसेलच असे नाही. स्वर चढवायचा असेल तर खुंटी पिळण्याआधी दांडीची लांबी किंवा तारेची जाडी बदलण्याचा विचार करावा, हे या नियमातून निघणारे पहिले व्यावहारिक ज्ञान आहे.

नुसती ताणलेली तार जवळजवळ मुकी असते, कारण ती इतकी बारीक असते की हवेला ढकलण्याऐवजी हवा कापत जाते. तिचे कंपन घोडीमार्फत तबलीला मिळते, तबलीचा पसरट पृष्ठभाग हवा हलवतो आणि भोपळ्यातली कोंडलेली हवा त्याला साथ देते, तेव्हा तो नाद माणसाच्या कानाला पुरेसा होतो. भोपळा त्यासाठीच निवडला गेला आहे. वाळल्यावर त्याची साल हलकी, पातळ आणि तरीही कठीण राहते, आणि लाकूड कोरून तसा गोलावा आणायला जे कष्ट पडतात ते वेलीने आधीच उपसलेले असतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा भोपळा आणि भाजीचा दुध्या एकाच जातीचे आहेत; वाद्यासाठी मात्र कडू आणि जाड सालीचा वाण लागतो, जो स्वयंपाकघरात चुकूनही नेऊ नये, कारण त्यातली कडू द्रव्ये विषारी असतात. मिरजेच्या कारागिरांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या परिसरातून येतात. एकतारीला एवढा मोठा भोपळा नको; वीस ते पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा, सगळीकडून सारख्या जाडीचा आणि डाग नसलेला भोपळा पुरतो.

असा भोपळा वेलीवरच पूर्ण पिकू द्यावा, देठ सुकल्यावर काढावा आणि हवेशीर सावलीत काही महिने टांगून ठेवावा. हलवल्यावर आतल्या बियांचा खुळखुळाट ऐकू आला की तो वाळला असे समजावे. मग ज्या बाजूला तबली बसणार त्या बाजूची चकती पेन्सिलीने आखून बारीक दातांच्या करवतीने कापतात. ओल्या हाताने किंवा घाईने केलेला काप हमखास तडा पाडतो, म्हणून कापायच्या रेषेवर आधी चिकटपट्टी लावून घेणे बरे. आतला वाळलेला गर खरवडताना नाकातोंडाला फडके बांधावे, कारण ती धूळ घशाला फार झोंबते. तोंड नीट गोल नसेल तर मिरजेत वापरली जाणारी युक्ती घरीही चालते: भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंडात आडव्या काड्या ताणून बसवायच्या आणि त्या आकारातच पुन्हा वाळू द्यायचा. शेवटी तोंडाची कडा एका सपाट फळीवर काचपेपर ठेवून त्यावर फिरवत घासली की सगळीकडून एका पातळीत येते. इथे राहिलेली फट पुढे सरस लावून बुजत नाही, हे ध्यानात ठेवावे.

लाकडाच्या बाबतीत हिंगोलीकडे एक असे भांडार आहे ज्याचा उपयोग अजून फारसा कोणी केलेला नाही. मराठवाड्यातली माळवदाची घरे, म्हणजे तुळया, सर आणि त्यांवर किलचन अंथरून मातीचे धाबे घातलेली घरे, झपाट्याने उतरवली जात आहेत, आणि त्यांतले सागवान वखारीत येते किंवा परसात रचून पडते. किलचन म्हणजे सरांवर आडव्या बसवलेल्या अरुंद लाकडी पट्ट्या. पन्नास-साठ वर्षे छपराखाली काढलेले हे सागवान उन्हाळ्याची भट्टी आणि पावसाळ्याचा दमटपणा इतक्या वेळा पाहून चुकलेले असते की ते आता सहसा पिळत नाही. वखारीतल्या नव्या लाकडाबद्दल तशी खात्री देता येत नाही. जुन्या लाकडाचे दोन दोष मात्र आहेत. एक म्हणजे आत दडलेले खिळे, जे रंध्याचे पाते एका फटक्यात बोथट करतात, म्हणून रंधा लावण्याआधी लाकडावरून लोहचुंबक फिरवावे. दुसरा म्हणजे वाळवीची आणि भुंग्याची भोके. ती दांडीत एखादे वेळी चालवून घेता येतील, तबलीत मुळीच नाही.

लाकूड हे हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, पण सर्व दिशांनी सारखे नाही. धाग्याच्या लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने थोडे बदलते, आणि वर्षवलयांच्या वळणाच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट बदलते. फळीच्या टोकाला दिसणारी वलये जर पृष्ठभागाशी काटकोनात उभी असतील तर ती फळी रुंदीत कमीत कमी हलते आणि वाकडी होत नाही. तबलीसाठी अशीच फळी निवडावी. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते, त्यामुळे हा नियम इथे पुस्तकी राहत नाही. भर पावसाळ्यात चिकटवलेली तबली पुढच्या उन्हाळ्यात आकसून मधोमध फाटते, तर कडक उन्हाळ्यात चिकटवलेली पावसात फुगून उचलली जाते. चिकटवण्याचे काम हिवाळ्यात करावे. तो काळ इथे ओलावा आणि कोरडेपणा यांच्या मधला असतो.

तबलीला मिरजेचे कारागीर तूण किंवा सागवान यांसारखे लाकूड वापरतात. पहिल्या वाद्याला किलचनाच्या दोन पट्ट्या कडेला कडा जोडून केलेली तबली उत्तम चालते. ती रंध्याने तीन मिलिमीटरपर्यंत आणावी आणि तिथून पुढे फार सावध राहावे, कारण फळीची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. तीन मिलिमीटरची तबली दोन मिलिमीटर केली तर लाकूड एक तृतीयांशच कमी होते, पण ताठरता मूळच्या तिसऱ्या हिश्शाहूनही खाली येते. मोजपट्टीपेक्षा इथे कान अधिक भरवशाचा ठरतो. तबलीची कडा दोन बोटांत हलकेच धरून मध्यावर बोटाच्या पेराने ठोकली असता जाड तबली फळकुटासारखी ठक् वाजते. रंध्याचे दोन-चार हात फिरवून पुन्हा ठोकत गेले की एका टप्प्यावर तो आवाज लांबतो, त्याला स्वर येतो, आणि तिथेच रंधा खाली ठेवायचा असतो. त्यापुढे गेल्यास तबली काही दिवस फार गोड बोलते आणि मग घोडीखाली बसते. घोडीवर तार जिथे मोडून खाली वळते तिथे ताणाचा साधारण चौथा भाग दाब म्हणून तबलीवर येतो, म्हणजे आपल्या एकतारीत अर्धा किलो. तेवढ्यासाठी तबलीच्या आतून, धाग्याला आडवी, एक बारीक पट्टी चिकटवलेली पुरते.

कातड्याने मढवलेली एकतारीही प्रचारात आहे आणि तिचा आवाज अधिक खणखणीत असतो, परंतु पावसाळ्यात कातडे सैलावते आणि स्वर उतरत राहतो. सुतारकामाची हौस असलेल्या माणसाने लाकडाचीच तबली करावी.

दांडी बांबूची किंवा सागाची, सुमारे ९० सेंटिमीटर लांब घ्यावी. ती भोपळ्याच्या एका भिंतीतून शिरून समोरच्या भिंतीतून थोडी बाहेर निघते, आणि त्या खालच्या टोकाला तार अडकवायची खिळी बसते. भोके पाडण्यापूर्वी दांडी भोपळ्यावर बाहेरून धरून तिच्या मध्यरेषेवर एक दोरा ताणून पाहावा. तो दोरा तबलीच्या बरोबर मधून जात नसेल तर भोके पाडल्यावर ती चूक दुरुस्त होत नाही आणि तार कायमची एका बाजूला चालते. भोके गिरमिटाने लहान पाडून कानशीने दांडीच्या मापाला वाढवावीत आणि दांडी पाचर मारून घट्ट करावी. तबली चिकटवायला बाजारातला पांढरा लाकूडगोंद सोपा पडतो, पण जुने कारागीर जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला सरस पसंत करत, कारण तो वाफेने पुन्हा सुटतो. ज्या वाद्याच्या पोटात कधी ना कधी हात घालावा लागणार आहे, त्याचे झाकण असे सुटणारे असलेले बरे. हौशी माणसाच्या पहिल्या वाद्याला तर हे विशेष लागू आहे.

खुंटी शिसवाची करावी आणि ती किंचित निमुळती असावी. भोकही त्याच निमुळतेपणाने कानसलेले असावे. दोन्हींचे कोन जुळले आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी खुंटीला खडू फासून ती भोकात फिरवावी: खडू जिथे पुसला जातो तिथेच लाकूड टेकते आहे, आणि तो चहूकडून सारखा पुसला जाईपर्यंत कानस चालवावी लागते. हेच काम सर्वांत कंटाळवाणे आहे आणि हेच सर्वांत जास्त टाळले जाते, ज्याचा परिणाम म्हणजे भजनाच्या मध्यावर घसरणारा स्वर. दांडीच्या वरच्या बाजूला तार जिच्यावरून जाते ती आडवी पट्टी म्हणजे आटी. तिची खाच तारेहून फार रुंद झाली तर तार तिच्यात खुळखुळते.

आता घोडी. भारतीय तंतुवाद्याचे वैशिष्ट्य मुख्यतः या बोटभर तुकड्यात आहे. व्हायोलिनची घोडी वर धारदार असते आणि तार तिला एका बिंदूत स्पर्श करते. तंबोरा, सतार आणि वीणा यांची घोडी रुंद असते, तिचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो, आणि कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते नि उचलली जाते. या टेकण्यामुळे उमटणाऱ्या भरदार, झणकारत्या नादाला जवारी म्हणतात. तंबोऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोरा सरकवून जवारी नेमकी केली जाते. त्या दोऱ्याला जीवा म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांवर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूपाशी छेडली जाते, तिथे ज्या उपस्वराचा, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वराचा, स्थिर बिंदू असेल तो उपस्वर नादात येऊ नये, असा युरोपात मान्य असलेला नियम होता. रामन यांना ही वाद्ये तो नियम सरळ मोडताना आढळली, कारण रुंद घोडी तारेला हरघडी नव्याने छेडल्यासारखे करते आणि गाळला जायला हवा तो उपस्वरही ऐकू येतो. हे त्यांच्या नोबेल पारितोषिकाच्या नऊ वर्षे आधीचे संशोधन आहे.

साध्या एकतारीला जवारी नसली तरी चालते, आणि अनेकींना ती नसतेच. परंतु जिला वीणेकडे जाण्याची पायरी मानायचे, तिला रुंद घोडी करून पाहणे योग्य. सांबरशिंग आणि हस्तिदंत हे जुने पदार्थ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बाद झाले आहेत. आता उंटाचे हाड, शिसव किंवा कठीण प्लास्टिक वापरतात. माथ्याचा उतार इतका कमी असतो की तो डोळ्याने ठरवता येत नाही. तार चढवायची, छेडायची, उतरवायची आणि माथ्यावर तारेने उमटवलेली चकाकती रेघ तिरक्या उजेडात पाहायची: रेघ तुटक असेल तर मधला उंचवटा बारीक कानशीने घ्यायचा, ती फार लांब असेल तर तार घोडीला चिकटून राहते आणि आवाज घुसमटतो. दोन्हींच्या मधला मुक्काम सापडला की एकच तार एकदम अनेक तारांसारखी बोलू लागते. मिरजेत जवारी काढणे हे वेगळे कौशल्य मानले जाते ते उगीच नाही.

मिरजेचा उल्लेख इथे नमुना म्हणून घ्यावा, धाक म्हणून नव्हे. तिथला वाद्यव्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून सुरू झाला असे मानतात. हत्यारांची मागणी घटली, हातातले कसब वाद्यांकडे वळले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पहिल्या पिढीला हा धंदा वारशाने मिळालेला नव्हता, एवढी गोष्ट हौशी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तंबोऱ्याची कोरीव पाने आणि झिलई यांची बरोबरी घरी करू नये. एकतारीला चपड्याचे दोन पातळ हात पुरेत, तबलीला तर एकच, कारण पॉलिशचा जाड थर तबलीचे वजन वाढवतो आणि आवाज दाबतो. सणावाराला विकल्या जाणाऱ्या चकचकीत, रंगीत एकतारी मंद वाजतात त्याचे एक कारण हे आहे.

एकतारी नीट बोलू लागली की वीणा फार दूर राहत नाही. भोपळा थोडा मोठा, दांडी जाड, खुंट्या चार आणि ताण ढोबळमानाने चौपट, एवढाच फरक असतो. चारही तारा एकाच घोडीवर बोलवायच्या असल्याने घोडी घासण्याचे काम मात्र चौपटीहून अधिक वाढते. पहिली वीणा सप्ताहात उभी करण्याच्या लायकीची होईल अशी अपेक्षा ठेवू नये. दुसरी होऊ शकते.

या साऱ्या सामग्रीत किलचन उतरवलेल्या घरातून मिळते, तार आणि सरस बाजारात मिळतो, पण चांगल्या वाणाचा भोपळा आयत्या वेळी हिंगोलीत मिळेलच असे नाही. ज्याला पुढच्या हिवाळ्यात वाद्य जोडायचे आहे त्याने जूनच्या पहिल्या पावसावर कडू भोपळ्याचे बी बांधाला लावावे, फळ जमिनीला टेकत असेल तर खाली पेंढा घालावा, आणि एका वेलीवर दोन-तीनच फळे राखावीत.